खणखणीत तारा

“चपट्याच घे,” दौलूमामा म्हणाले. पोतनीसांनी अजून पाकिटं उघडलीही नव्हती.

काचेच्या कपाटावर बेस गिटारच्या तारांची दोन पाकिटं पडली होती, एक निळं आणि एक पिवळट. पोतनीसांच्या वाद्यांच्या दुकानात एक बरं होतं. बेसच्या तारा मागितल्या तर “कुंपणाला का?” असं ते विचारत नसत. मुंबईला गेले की दोन-चार पाकिटं आणून ठेवत.

“निळ्यात राउंड, पिवळ्यात फ्लॅट,” पोतनीस म्हणाले. “म्हणजे एक गोल गुंडाळीची, एक चपट्या गुंडाळीची. वाजवून बघ आणि ठरव. माझ्याकडे दोन्हीचा एकेकच संच आहे.”

बेसची तार म्हणजे मधे एक तार आणि तिच्यावर दुसरी बारीक तार गच्च गुंडाळलेली. वरची तार गोलच ठेवली तर ती बोटाला खरखरीत लागते आणि आवाज खणखणीत येतो. तीच दाबून चपटी केली की बोट लोण्यावरून गेल्यासारखं जातं, आणि आवाज मात्र भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा. गेली तीन वर्षं माझ्या गिटारीवर चपट्याच होत्या. तीन वर्षं मी भिंतीपलीकडूनच बोलत होतो, आणि आता मला त्याचा उबग आला होता.

हे एकोणनव्वद सालचं. मी तेवीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात चौगुल्यांच्या ‘स्वरनिनाद’ ऑर्केस्ट्रात बेस वाजवत होतो. गायकाला टाळ्या, कीबोर्डवाल्याला टाळ्या, ढोलकीला तर शिट्ट्याही. बेसवाल्याला फार तर “ते मागं उभं राहिलेलं पोरगं कोण?” आणि त्या दिवशी दुपारी चार वाजता मुंबईहून केळुसकर येणार होते. ते संगीत संयोजक होते. रेकॉर्डिंगला, दौऱ्याला लागणारी माणसं ते स्वतः हिंडून, ऐकून निवडत. चौगुले मालकांनी आम्हाला आठ दिवस आधी सांगितलं होतं, “त्यांना ठेक्याकडचा एक माणूस पायजे. एकच. ढोलकी न्हाई तर बेस.”

म्हणजे दौलूमामा नाही तर मी. आणि हेच दौलूमामा सकाळी माझ्याबरोबर तारा निवडायला आले होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

तारा नव्या घ्यायची वेळ का आली, तेही सांगतो. जुन्या तारा सोड्याच्या पाण्यात उकळल्या की मळ सुटून आवाज मोकळा होतो, असं आमच्यात सगळे सांगत. मी आदल्या दिवशी आईचं आमटीचं पातेलं घेतलं, चारी तारा वेटोळं करून आत टाकल्या आणि स्टोव्हवर ठेवल्या. पाणी काळंकुट्ट झालं. आवाज होता तसाच राहिला. आई आत आली, पातेल्यात बघून म्हणाली, “आता ह्यात मी काय शिजवू? गाणी?” तिनं ते पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं नाही. आठवडाभर मला त्यातूनच आंघोळीचं पाणी घ्यायला लावलं.

तर पोतनीसांकडे भिंतीवर एक बेस टांगलेला होता, गोल तारांचा. मी तो काढून घेतला, स्पीकरला जोडला आणि एक सूर मारला. दुकानाची काच थरथरली. पुढच्या दारात चप्पल शोधणारी बाई वळून बघायला लागली. मला इतकं बरं वाटलं की मी तोच सूर आणखी दहा वेळा मारला.

मग माझी गिटार जोडली, उकळलेल्या चपट्या तारांची. बाई चप्पल घालून निघून गेली.

“ऐकलंत?” मी दौलूमामांना विचारलं.

“ऐकलं की.”

“मग?”

“चपट्या बऱ्या. ढोलकीच्या पोटात बसत्यात.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “ह्या गोल तारांत सगळं दिसतंय, जयवंता.”

“दिसू दे की. दिसावं म्हणून तर घ्यायच्या.”

“सगळं म्हंजे सगळं.”

दौलू गुरव कागलकडच्या एका गावचे. घरात देवळाची पूजा. बापाकडून पखवाज शिकलेले, पुढे ढोलकीवर आले. शेहेचाळीस वर्षांचे, हडकुळे, बोलायला कमी. ते आणि मी तीन वर्षं शेजारी शेजारी वाजवत होतो. आमच्या स्टेजवर एकमेकांचं धड ऐकू येत नसे, म्हणून ढोलकीवाला बेसच्या डाव्या हाताकडे बघून वाजवायचा, अशी पद्धत होती. मामा तर पापणीही न लववता बघत. मला त्यात फार अभिमान होता. एवढा जुना माणूस माझ्या हातावरून काहीतरी उचलतोय, असं मी गल्लीत दोघा-तिघांना सांगितलंही होतं.

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात वेगळंच आलं. बेस खणखणला तर केळुसकरांचं लक्ष ढोलकीवरून उडणार. म्हणून हा माणूस सकाळी सकाळी माझ्या मागे आलाय. असं एकदा डोक्यात आलं की माझ्यासारख्याला ते बाहेर काढता येत नाही. पोतनीस तिसरंच काहीतरी दाखवायला लागले होते, काळ्या नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या तारा. आवाज म्हणे चपट्यांहून मऊ. मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

“निळं द्या.”

“दम जरा,” मामा म्हणाले. “एवढं आज घेतोयस तर घे. पण आज चढवू नको. नव्या तारा उतरत राहत्यात. दोन दिस गिटारीवर राहू देत.”

“दोन दिवसांनी केळुसकर येणार आहेत काय पुन्हा?”

पोतनीसांच्या पोऱ्यानं आणलेला चहा मामांनी शांतपणे बशीत ओतून घेतला. माझा चहा तसाच राहिला. मी सायकलवर टांग मारून निघूनही आलो होतो.

आमचा सराव पेठेतल्या तालमीच्या माळ्यावर चाले. खाली कुस्तीचा हौद, वर आम्ही. तिथं जमिनीवर बसून मी तारा चढवल्या. चारी खुंट्या पिळल्या, प्रत्येक तार बोटांत धरून ओढली, पुन्हा सुरात लावली, पुन्हा ओढली. तासाभरात बोटांची टोकं लाल झाली. मामा नंतर चालत आले आणि कोपऱ्यात ढोलकीची शाई पुसत बसले. एकदा मान वर करून म्हणाले, “जुन्या टाकू नको. पिशवीत ठेव. चारच्या आत मन बदललं तर मी लावू लागतो.”

मी जुन्या तारांचं वेटोळं खिडकीतून खाली टाकलं. खालून एका पैलवानानं शिवी दिली.

आता हे लिहिताना मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. पण तेव्हा मी फार खुशीत होतो.

केळुसकर बरोबर चारला आले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात एक छोटा टेपरेकॉर्डर. त्यांनी खुर्ची नाकारली आणि आमच्यासमोर सतरंजीवर बसले. “चार गाणी. मधे थांबू नका. मी टेप करतो. मुंबईत जाऊन पुन्हा ऐकतो, त्याशिवाय माझं काही ठरत नाही.”

पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीपासूनच मला कळलं की आज मी ऐकू येतोय. गायिकेनं चमकून मागं पाहिलं. मालकांनी भुवया वर केल्या आणि मग हसले. तारा उतरत होत्याच. दोन गाण्यांच्या मधे मी घाईघाईनं खुंटी पिळत होतो. दुसरं गाणं झालं, तिसरं लावणीच्या चालीचं होतं, ते सुरू झालं, आणि माझा पाय आपोआप आपटायला लागला. मी उडत होतो. दौलूमामांच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला होता, तो पुसायलाही त्यांना हात मोकळा नव्हता. त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर. घे, शिकून घे, असं मी मनात म्हणालो.

चौथं गाणं संपलं. केळुसकरांनी टेप थांबवला. थोडा वेळ ते सतरंजीचा धागा ओढत बसले.

“वाजवता चांगलं,” ते म्हणाले. “पण लय पळते तुमची. तिसरं गाणं जिथं सुरू केलं आणि जिथं संपवलं, त्यात दीडपटीचा फरक आहे. सारखीच पळते, म्हणून समोरच्याला मजा येते. रेकॉर्डिंगला चालणार नाही.” मग त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. “ढोलकी आणि बेस, दोघं एकदम पळता. एक ओढतो आणि दुसरा त्याच्यामागे जातो. ओढतो कोण?”

खाली हौदात कुणीतरी दंड थोपटले. मला तर त्यांचा प्रश्नच कळला नव्हता. मी कशाला पळेन? मी मामांकडे पाहिलं. हा माणूस आता काय उत्तर देणार, याचीच मला उत्सुकता होती.

“ऐकायचंय?” केळुसकर म्हणाले, आणि त्यांनी टेप मागं घेऊन तिसरं गाणं लावलं.

त्या एवढ्याशा डब्यातून चपट्या तारांचा बेस कधीच ऐकू आला नसता. गोल तारांचा आला. लख्ख आला. तीन वर्षांत मी स्वतःला पहिल्यांदा बाहेरून ऐकत होतो. आणि काय ऐकत होतो? माझा प्रत्येक ठोका केसभर आधी पडत होता. प्रत्येक. समेच्या आधी मी पोचलेला, आणि माझ्यामागून ढोलकी धापा टाकत येऊन मला गाठत होती. गाठलं की पुन्हा मी पुढे. पुन्हा ती येत होती. दोन कडव्यांत तिनं मला किती वेळा सावरलं, ते मोजता आलं नसतं. ऐकणाऱ्याला मात्र आम्ही दोघं हातात हात घालून पळतोय असं वाटावं, इतकं सफाईनं ती ते करत होती.

माझे कान तापले. बोटं मांडीखाली दाबून मी बसून राहिलो. ते मला ऐकू आलं, म्हणजे त्यांनाही आलं असणार. पण केळुसकर अजून आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना खरंच कळलं नव्हतं, की कळूनही ते आमच्या तोंडून ऐकायचं म्हणत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

“कोण ओढतो?”

“मी, साहेब,” दौलूमामा म्हणाले. “हात जरा उतावीळ हाय माझा. पहिल्यापास्नं.”

मालकांनी कपाळाला हात लावला. केळुसकर माझ्याकडे वळले.

“खरं आहे?”

“हो,” मी म्हणालो.

केळुसकरांनी या वेळी टेप पुन्हा ऐकायची वाट न बघता मलाच निवडलं, आणि पुढच्या सोमवारी मी मुंबईला गेलो. आईनं डब्यात दशम्या दिल्या. एसटी स्टँडवर सोडायला ऑर्केस्ट्रातले चौघे आले होते, मामा आले नव्हते. मी ते लक्षात घ्यायचं नाही असं ठरवलं. गाडी सुटेपर्यंत मी तीनदा खाली उतरून कंडक्टरला “कधी निघणार?” विचारून आलो.

मुंबईत मी तीन दिवस टिकलो. तिथं वाजवणारे काचेच्या खोलीत बसत आणि कानाला लावायच्या डब्यांतून एक टिकटिक सतत ऐकू येई. तिच्याबरोबर वाजवायचं. ती टिकटिक माझ्यामागे येत नव्हती. मी पुढे गेलो की ती होती तिथंच राही, आणि मी उघड्यावर पडल्यासारखा एकटा. पहिल्या दिवशी वाटलं, सवय नाही. दुसऱ्या दिवशी मी पाय बांधून ठेवला, अक्षरशः रुमालानं खुर्चीच्या पायाला. तिसऱ्या दिवशी केळुसकरांनी मला बाहेर बोलावलं. जिन्यात उभं राहूनच बोलले.

“तुम्ही परत जा. राग नाही माझा. तुमचा हात वाईट नाही, पण तुम्हाला थांबता येत नाही.”

मी मान खाली घातली.

“त्या दिवशी तो ढोलकीवाला खोटं बोलला होता,” ते म्हणाले. “आणि तुम्हीही. काल रात्री टेप पुन्हा ऐकला. दुसऱ्याच्या पळण्याला जो असा सावरून घेतो, तो टिकटिकीबरोबर काय वाजवेल, विचार करा. मला तो पाहिजे. नाव काय त्यांचं? पत्ता लिहून देतो माझा, त्यांना द्या.”

कागद खिशात घालून मी कोल्हापूरला आलो आणि घरी न जाता गिटारीसकट तालमीत गेलो. माळ्यावर एक नवाच पोरगा ढोलकी घेऊन बसला होता. चौगुले मालक मला बघून चकित झाले.

“दौलूमामा कुठायत?”

“त्यांना मी जा म्हणालो,” मालक म्हणाले. “पाहुण्यासमोर स्वतःच्या तोंडानं कबूल केलं त्यांनी, लय पळते म्हणून. इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं न्हाई, त्याचीच लाज वाटली. कार्यक्रम घेणारे काय म्हणतील? अठरा वर्षं होते माझ्याकडं, पण शेवटी काय करणार.”

मला तिथं बोलायला पाहिजे होतं. बोललोही, पण माझं म्हणणं अर्धं ऐकून मालकांना वाटलं, मी मुंबईहून हाकललो गेलोय आणि डोकं फिरलंय. “आधी बस, पाणी पी,” म्हणाले. मी पाणी न पिता कागलची गाडी धरली.

गावातलं देऊळ ओढ्याच्या काठी. मामा मंडपात बसून पखवाजाला कणीक लावत होते. तळव्यावर गोळा मळायचा, वर चिकटवायचा, थाप मारून ऐकायची, थोडी काढायची. मला बघून त्यांनी सरकून जागा केली. कसा आलास, का आलास, काही नाही.

मी कागद पुढे केला. केळुसकर काय म्हणाले, ते एका दमात सांगून टाकलं. त्यांनी कणकेचा हात धोतराला पुसला, कागद लांब धरून वाचला आणि टोपीत ठेवला.

“बघू. पूजेची पाळी दुसऱ्या कुणाला तरी द्याय लागंल. पुतण्या तयार झाला तर जाईन.”

“मामा, तुम्हाला माहीत होतं. पहिल्यापासून.”

“काय?”

“मी पळतो ते.”

“म्हाइत नसायला काय झालं? रोज पळत होतो की तुझ्याबरोबर.” ते हसले. “चपट्या तारांत ते मला एकट्यालाच कळत होतं. म्हणून म्हणत होतो, त्याच घे.”

“मग आधीच का सांगितलं नाहीत? एकदा तरी सांगायचं.”

“सांगितलं असतं तर तू वाजवताना भ्याला असतास. भ्यालेला माणूस आणखी पळतो. म्हटलं, वय हाय, आज ना उद्या थांबंल.” त्यांनी पखवाजावर एक थाप मारली, कान लावला, नखाएवढी कणीक काढली. “पोरगं मुंबईला जाईल, नाव काढील. माझं काय, मी देवळात वाजवीन. असं त्या वक्ताला वाटलं. वाटलं ते बोललो.”

मी म्हणालो, “मी ‘हो’ म्हणालो, मामा. तुमच्या तोंडासमोर. तुमची अठरा वर्षांची जागा गेली माझ्यामुळं. मला माफ करा.”

त्यांनी कणकेचा गोळा पुन्हा तळव्यावर मळायला घेतला. ओढ्यावर बाया धुणं बडवत होत्या. मला दम निघेना. मी पुन्हा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी कणकेचा हात वर करून मला थांबवलं.

“‘हो’ म्हणालास, त्याचं मला कायबी वाटलं न्हाई,” दौलूमामा म्हणाले. “मीच तुला ते म्हणाय लावलं. पण तू लगीच म्हणालास, जयवंता. एक घटकाभर थांबून म्हणाला असतास, तर मला बरं वाटलं असतं.”